निजानीज झाल्यावरचं शिबिर

प्रिय मावशी,
मी गुहागर तालुक्यातली, बी.एड. करतेय. गेल्या मे महिन्यात एका निवासी शिबिरात पहिल्यांदाच ताई म्हणून गेले. आठ दिवस, साठ मुलं, माझ्या गटात नऊ ते बारा वर्षांच्या दहा मुली. खेळ, गाणी, किल्ला सगळं छान झालं. पण तीन गोष्टी वर्षभर डोक्यातून जात नाहीत. एक दहा वर्षांची मुलगी रोज रात्री घरच्या आठवणीनं रडायची. शिबिरप्रमुख म्हणाले, लक्ष देऊ नको, आपोआप गप्प होईल. चौथ्या रात्री ती गप्प झाली खरी, पण सकाळी तिची उशी ओली होती. दुसरीनं दोनदा अंथरूण ओलं केलं आणि बाकीच्या तिला शेवटपर्यंत चिडवत राहिल्या. तिसरी निघायच्या आदल्या संध्याकाळी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, कुणाला सांगणार नाहीस ना?" मी म्हटलं, "नाही सांगणार, शपथ." तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. "काही नाही" म्हणून ती पळाली. पुन्हा तिनं विषय काढला नाही, मीही विचारलं नाही. यंदा २ मेपासून पुन्हा जायचंय. रडणारी मुलगी यंदाच्या यादीत आहे. मी काही समुपदेशक नाही. माझ्या हातात नेमकं आहे तरी काय?
— एक ताई

मुली,

तू शेवटी लिहिलेली गोष्ट मी आधी घेते, कारण ती थांबण्यासारखी नाही.

ती मुलगी काय सांगणार होती ते तुला ठाऊक नाही, मलाही नाही. मैत्रिणीशी भांडण झालं असेल. घरी आईबाबांचं पटत नसेल. कुणीतरी तिला नको तिथं हात लावला असेल. या तिन्ही गोष्टी सांगायला येणारं पोर सुरुवात एकाच वाक्यानं करतं, आणि ते वाक्य ती बोलली. म्हणून आपलं उत्तरही ठरलेलं असावं, तोंडात बसलेलं असावं. शपथ घ्यायची नाही. म्हणायचं, "तू सांग, मी ऐकतेय. तुला त्रास होईल असं काही असलं तर मला एखाद्या मोठ्या माणसाची मदत घ्यावी लागेल. पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन." आरशासमोर उभी राहून हे दहा वेळा म्हण. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, "शपथ" मात्र लगेच सुचतं.

असं म्हटल्यावर पोर गप्प बसेल अशी भीती तुला वाटेल. एखादं बसतंही. पण सांगायला आलेल्या मुलाला कुणीतरी काहीतरी करावं असंच वाटत असतं. आणि शपथ मोडल्यावर त्याचा जो विश्वास उडतो, तो पुढं कितीतरी वर्षं कुणावरच बसत नाही.

जेवणाची घंटा झाली तरी तू उठायचं नाही. दुसऱ्या ताईला हाक मारायची, "माझ्या मुलींना पंगतीला बसव, मी येते." मग पडवीच्या कडेला बसायचं, सगळ्यांना दिसेल पण कुणाला ऐकू जाणार नाही अशा जागी. बंद खोलीत कधीच नाही, तिच्यासाठीही आणि तुझ्यासाठीही. ती बोलताना वाक्यं पूर्ण करून द्यायची नाहीत. "मग?" एवढं पुरे. "तू ओरडली का नाहीस?" हा प्रश्न जिभेवरसुद्धा येऊ द्यायचा नाही. ऐकून झालं की तिचे शब्द तिच्याच भाषेत, तारीख-वेळ घालून वहीत लिहून ठेवायचे. जिचं किंवा ज्याचं नाव निघेल त्याला जाब विचारायला जायचं नाही. आणि तिला तीच गोष्ट चार जणांपुढं पुन्हा सांगायला लावायची नाही.

कायदा काय म्हणतो हेही माहीत असू दे, कारण शिबिरात कुणीतरी हमखास म्हणतं, "बभ्रा नको, संस्थेचं नाव खराब होईल." २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणं कलम १९ नं प्रत्येकावर बंधनकारक आहे. लपवलं तर लपवणाऱ्याला शिक्षा आहे. आपल्या हाताखालच्या माणसाचं कृत्य दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुरावा गोळा करणं तुझं काम नाही. आणि चांगल्या हेतूनं माहिती दिली तर त्याबद्दल तुझ्यावर खटला होत नाही, हेही त्याच कलमात आहे.

गेल्या वर्षीच्या त्या मुलीसाठी आजही काहीतरी करता येईल. तिच्या घरी सरळ फोन करू नकोस. त्रास घरातूनच असला तर तुझ्या फोननं तिची कोंडी आणखी वाढेल. १०९८ वर फोन कर. मुलांसाठीचा हा मोफत नंबर १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, चोवीस तास चालू असतो, आणि नुसती शंका असली तरी फोन करता येतो. जे घडलं तेवढंच सांग आणि पुढं काय करावं ते त्यांना विचार. शिबिरप्रमुखांनाही लेखी कळव. हे या आठवड्यातच कर, २ मेची वाट पाहू नकोस.

आता रात्रीचं.

शिबिराचं वेळापत्रक निजानिजेपाशी संपतं. खरं तर मुलांचं शिबिर तिथून सुरू होतं. दिवसभर सगळे सोबत असतात, रात्री मात्र प्रत्येक मूल आपापल्या पांघरुणात एकटं असतं. शेकोटीभोवती काय चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे. दादा लोक रंगात येतात. पिंपळावरचा मुंजा, सड्यावरचा चकवा, विहिरीतली हडळ, सगळे हजेरी लावून जातात. मग मुलं हॉलमध्ये येऊन झोपतात. संडास असतात मागच्या बाजूला, विहीर ओलांडून, फणसाखाली. दिवा जनरेटरवर, तो अकराला बंद. मुंबईच्या ज्या पोरीनं असा मिट्ट काळोख जन्मात पाहिलेला नाही, तिला रात्री एकला लघवीला लागली तर ती काय करेल? दाबून ठेवेल. पहाटे अंथरूण ओलं. सकाळी आपण तिला विचारतो, "अगं, एवढी मोठी झालीस आणि..." दोष त्या गोष्टींचा आणि त्या बंद दिव्याचा. तिचा काहीच नाही.

काही मुलांना हा त्रास घरीही असतो. दहा वर्षांच्या वीस मुलांमागे एखाद्याचं अंथरूण रात्री ओलं होतं. तो आळस नसतो, वळण नसल्याचं लक्षण नसतं. म्हणजे साठ मुलांच्या शिबिरात अशी दोन-तीन असणारच, हे धरूनच तयारी करायची.

माझ्याकडून पहिल्या शिबिरात जे झालं ते तुला सांगते. मी तेव्हा तुझ्याच वयाची, नुकती नोकरीला लागलेली. एका मुलाची सतरंजी ओली झाली. मी ती उचलली, विहिरीवर नेऊन धुतली आणि खळ्याच्या गडग्यावर उन्हात टाकली. मला वाटलं, किती तत्परतेनं काम केलं. दहा वाजता नाश्त्याला तो मुलगा नव्हता. शोधत गेले तर गडग्याच्या आडोशाला उकिडवा बसलेला. थोड्या थोड्या वेळानं उठायचा, सतरंजी उलटी करायचा, हातानं चाचपायचा आणि पुन्हा बसायचा. येणारं-जाणारं प्रत्येक मूल ती सतरंजी पाहत होतं, आणि त्याला ती कुणी विचारायच्या आत वाळवायची होती. त्याची न्याहारी मी तिथंच नेऊन दिली. त्यानं नुसती चिवडली, खाल्ली नाही. सगळ्यांदेखत त्याची लाज मीच वाळत घातली होती.

पुढच्या वर्षीपासून आमच्या गटात एक पद्धत पडली. तीच तुला देते. एक दिवसाआड सकाळी सगळ्यांच्याच चादरी धुवायच्या. दहाच्या दहा चादरी दोरीवर, कुठली कुणाची कळत नाही. मधल्या रात्री एखादं अंथरूण ओलं झालं तर दिवा न लावता, न बोलता बदलायचं. त्यासाठी दोन जादा चादरी, प्लास्टिकचा कागद आणि एक जादा परकर-चड्डी तुझ्या उशाशी हवी. झोपण्याआधी सगळ्यांना एकदम संडासकडं न्यायचं, कुणाला लागली आहे का असं विचारत बसायचं नाही. आणि पहिल्याच रात्री मोठ्यानं सांगायचं, "रात्री कधीही उठायचं असलं तर मला हलवा. कितीही वाजले असले तरी मी रागावणार नाही." तू दाराशी झोप. टॉर्च दाराच्या खिळ्याला टांगलेला असू दे. संडासच्या वाटेवरचा दिवा रात्रभर चालू ठेवायला शिबिरप्रमुखांना सांग. डिझेलचा खर्च सांगतील. जेवणातलं एक पक्वान्न कमी करा म्हणावं.

शेकोटीच्या दादांशीही आधीच बोलून घे. गोष्टी भरपूर सांगा, भुतांच्या नकोत. कोकणात सांगायला समुद्र आहे, गलबतं आहेत, सिंधुदुर्ग आणि जंजिरा आहेत.

चिडवणाऱ्या मुलींना गटासमोर भाषण देऊ नकोस. त्यानं जिला चिडवतात तिचंच नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी येतं. चिडवण्याला सुरुवात करणारी एखादीच असते. तिला कामाला म्हणून सोबत घे, ताटं पुसता पुसता सांग, "हे मला चालणार नाही," आणि दोन दिवस तिच्यावर डोळा ठेव. बहुतेक वेळा तिलाही रात्री कशाची तरी भीती वाटत असते.

रात्रीचीच आणखी एक गोष्ट. मे महिन्यात आपल्याकडं विंचू निघतात. जांभ्याच्या गडग्यात, लाकडांच्या ढिगात, चपलांत असतात. अंधारात अनवाणी कुणी जायचं नाही, चप्पल झटकून घालायची. लाल विंचू लहान मुलाला चावला आणि घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर उतारा-मंत्र करत बसू नये, १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीनं विंचूदंशाचे रुग्ण वाचवून दाखवले आणि त्यांच्या कामाची दखल जगभर घेतली गेली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच भागातलं हे काम आहे, तरी अजून पोरांना मांत्रिकाकडं नेलं जातं याचं मला फार वाईट वाटतं. जवळचं रुग्णालय कुठलं, तिथं सर्पदंशाची लस आहे का, रात्री गाडी कुणाची, हे १ मेलाच विचारून ठेव.

आता तुझी रडणारी मुलगी.

आधी झोपेचा हिशेब कर. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. तुमची शेकोटी अकराला संपते आणि व्यायामाची शिट्टी पाचला होते, असं धरलं तर सहा तास झाले. तिसऱ्या दिवशी निम्मी मुलं कशावरूनही रडायला लागतात आणि आपण म्हणतो, शहरातली मुलं नाजूक. त्यांना झोप मिळालेली नसते. शेकोटी नऊला आटपा आणि शिट्टी साडेसहाला करा, म्हणजे किती रडणं आपोआप थांबतं ते तुला दिसेल. दुपारी उन्हाच्या वेळी तासभर आडवं होणंही वेळापत्रकात असू दे.

घरच्या ओढीचं रडणं याहून वेगळं. ते दोन वेळा हमखास येतं, निजताना आणि दुपारी हात रिकामे असताना. "लक्ष देऊ नको, गप्प होईल" हे तुझ्या शिबिरप्रमुखांचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. ती गप्प झाली, कारण रडून कुणी येत नाही हे तिला कळलं. ओल्या उशीनं तुला ते सांगितलं, आणि ते तुझ्या लक्षात आलं यातच तू ताई होण्याच्या लायक आहेस हे मला दिसतं.

तिच्याजवळ बसायचं आणि विचारायचं, "आत्ता घरी काय चाललं असेल?" आठवण काढली की रडणं वाढेल, असं सगळे सांगतील. मला उलटाच अनुभव आला. एक मुलगी मला म्हणाली होती, "आत्ता आजी मालिका लावून बसली असेल, आणि माझी उशी मांजरीनं घेतली असेल." मांजरीचं नाव विचारलं, ती कुठं कुठं झोपते ते विचारलं. पाच मिनिटांत ती मांजरीबद्दल बोलत होती. मग तिला घरी पत्र लिहायला बसवलं आणि शेवटी मांजरीचं चित्र काढायला सांगितलं. "रडू नकोस", "बघ, बाकीच्या कशा राहतात" ही दोन वाक्यं या आठ दिवसांत वर्ज्य.

फोनचं आईबाबांशी आधीच ठरवायला हवं. पुष्कळ पालक निघताना मुलाच्या कानात सांगतात, "नाही करमलं तर लगेच न्यायला येतो." त्यांना वाटतं धीर दिला. मूल मात्र पहिल्या रात्रीपासून ती सुटका डोळ्यांसमोर ठेवून बसतं आणि शिबिरात रमायचं टाळतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००७ मध्ये घरच्या ओढीवर एक अहवाल काढला होता. असा वायदा करू नये, हे त्यातही आहे. पालकांना चिठ्ठी पाठवा: असं सांगू नका, त्याऐवजी निघण्याआधी एक-दोन रात्री मावशीकडं, काकाकडं राहायला पाठवा. फोन करायचाच असला तर दुपारी, खेळायला जायच्या आधी. झोपायच्या तोंडावर आईचा आवाज ऐकला की रात्र गेली. तुमच्याकडं रेंज सड्यावरच मिळत असेल तर त्याचा उपयोगच करून घे. तिला घेऊन चढण चढत जा, बोलणं होऊ दे, उतरताना करवंदं खात या.

तरीही एखादं मूल रमत नाही. सलग दोन दिवस धड जेवत नाही, झोपत नाही, खेळात ओढलं तरी येत नाही, तर पालकांना बोलवायचं आणि घरी पाठवायचं. त्यात त्याची हार नाही, तुझीही नाही. त्याला निरोप मात्र सगळ्यांनी मिळून, हसून द्यायचा.

मोठ्या मुलींत एखादी "मला जगायचंच नाही" असं बोलून गेली, किंवा हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर "नाटकं करते" म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. तिला सरळ विचार, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायची वाट मोकळी होते. त्या क्षणापासून तिला एकटं सोडायचं नाही, पालकांना बोलवायचं, आणि तुला स्वतःला आधार हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक-आधार सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

पाळीचं थोडक्यात. दहा-बारा वर्षांच्या मुली आहेत, एखादीला पहिल्यांदा शिबिरातच येईल. पॅड तुझ्याकडं हवेत, वापरलेले टाकायला झाकणाचा डबा संडासात हवा, आणि हे पहिल्या दिवशी सगळ्या मुलींना सांगायला हवं. तुमचं शिबिर जुन्या घरात असेल आणि घरातली कुणी आजी तिला बाजूला बसायला सांगेल, तर मध्ये पड. ती पंगतीत बसेल, खेळेल, सगळं करेल. हवं तर आजींशी वेगळं आणि गोड बोल, पण त्या मुलीसमोर माघार घेऊ नकोस.

समुद्राचं मात्र थोडक्यात आटपत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते कॉलेजचे होते, लहान नव्हते. ओहोटीचं पाणी शांत दिसतं आणि आत ओढून नेतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तुझ्या घरी कुणीही सांगेल. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रोज सकाळी हा हिशेब करून फळ्यावर लिही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पुळणीवरच खेळायचं. पाण्यात उतरायचं तर गावातला दर्यावर्दी माणूस सोबत हवा, तो नको म्हणाला की नको. मुलांच्या जोड्या लावायच्या, दर दहा मिनिटांनी शिट्टी, जोडीनं हात वर, मोजणी. भित्र्या मुलाला पाण्यात ढकलून भीती घालवायची चाल अजून काही ठिकाणी आहे. तुझ्यासमोर कुणी ते केलं तर तिथल्या तिथं थांबव, तो दादा कितीही ज्येष्ठ असो.

तू विचारलंस, मी समुपदेशक नाही, माझ्या हातात काय आहे. अंमळनेरच्या छात्रालयाचं काम पाहणारे साने गुरुजीही समुपदेशक नव्हते. आपल्या दापोलीजवळच्या पालगडला १८९९ मध्ये जन्मलेला हा माणूस तिथं मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचा. कुणाचं अंथरूण विस्कटलंय, कोण दोन दिवस गप्प आहे, हे खोली झाडणाऱ्यालाच कळतं. तुझ्या हातात हे पाहणं आहे, जवळ बसणं आहे आणि पुढं कळवणं आहे. बरं करणं हे दुसऱ्या कुणाचं काम आहे, ते तुझ्या खांद्यावर घेऊ नकोस.

त्यासाठी तुलाही झोप हवी. दहा मुलींना रात्री एकच ताई पुरत नाही. दोघी मागून घे, एक रात्र एकीनं जागं राहायचं, एक रात्र दुसरीनं. रोज मुलं झोपल्यावर सगळ्या ताई-दादांनी पंधरा मिनिटं ओट्यावर बसून एवढंच बोलायचं: आज कोण जेवलं नाही, कोण एकटं होतं, कुणाचं काय पाहायला हवं. शिबिरप्रमुख आले तर उत्तम, नाही आले तरी बसा.

आणि २ मेला ती एसटीतून उतरेल तेव्हा गर्दीतून तिला तिच्या नावानं हाक मार. तिची वळकटी तू घे. दाराजवळची, तुझ्या शेजारची जागा तिच्यासाठी आधीच राखून ठेव. ती विचारेलच, "ताई, गेल्या वर्षी मी खूप रडले ना?" तेव्हा "नाही गं" म्हणू नकोस. "हो, आणि मला तुझ्याजवळ येऊन बसायला हवं होतं, ते मी केलं नाही. यंदा रडू आलं तर मला उठव," असं सांग. मग टॉर्च कुठं टांगलाय ते तिला दाखव.

तुझी,
मावशी